सर्जेराव आणि मिठाचं यंत्र

सर्जेराव रोज सकाळी पोहण्याचा तलाव चाखायचे. काठावर उकिडवं बसायचे, चूळभर पाणी तोंडात घ्यायचे, गालात खुळखुळवून बाजूच्या कुंडीत थुंकायचे आणि आमटीबद्दल बोलावं तसा निकाल द्यायचे, "मीठ कमी हाय."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कसबा बावड्यात आमची घरं शेजारी. सर्जेरावांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री होती. आवाज भट्टीशेजारीच घडलेला, त्यामुळं ते कानात कुजबुजले तरी गल्लीला कळायचं. त्यांनी बंगल्यामागं तलाव बांधला तेव्हा लोक म्हणाले, पैसा उतू चाललाय. कारण सर्जेराव स्वतः त्यात कधी उतरत नसत. पाणी घोट्याच्या वर आलं की त्यांना गरगरायचं.

वर त्यांनी मुंबईहून मिठाचं यंत्र आणवलं. तलावात मीठ टाकायचं, ते पाणी यंत्रातल्या पट्ट्यांमधून फिरायचं, पट्ट्यांना वीज मिळाली की तिथंच क्लोरीन तयार. "बाजारची पावडर नगं आपल्याला. घरचं क्लोरीन!" घरचं तूप म्हणावं तसं ते सांगायचे.

एका उन्हाळ्यात तलाव हिरवा पडला. यंत्रावर लाल दिवा लागला, त्याचा अर्थ मीठ कमी. सर्जेरावांनी पोतं ओतलं. दिवा तसाच. आणखी ओतलं. मग चाखायला गेले आणि ठसकाच लागला.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून कंपाउंडवरून हाक आली. "मास्तर, या की जरा! पाण्याचं लोणचं झालं, तरी ह्यो म्हणतोय मीठ कमी!"

तोवर त्यांचे सगळे उपाय करून झाले होते. यंत्राच्या पेटीला दोन बुक्क्या दिल्या होत्या. विकणाऱ्याला फोन केला होता. "पावणं, तुमचं मशीन खोटं बोलतंय!" तो बिचारा म्हणाला, रीसेट करा. "कुणाला करू? तुमास्नी?" शेवटी जोतिबाला जाऊन आले आणि पेटीला गुलाल लावला. गुलाबी पेटी लाल डोळा मिचकावत बसली होती.

"लोखंड वितळवतो मी, मास्तर. पाणी काय चीज हाय?" असं ते म्हणाले खरं, पण चेहरा पार उतरला होता. फौंड्रीकडंही फिरकले नव्हते.

यंत्र बंद करून आम्ही आतल्या पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्यावर गीझरच्या कॉइलवर साचतो तसा पांढरा थर. बोअरचं पाणी जड. मी समजावलं, "थरामुळं वीज नीट जात नाही, म्हणून यंत्राला वाटतं मीठ कमी आहे."

"म्हंजे जिभेवर थर बसलाय! मग चव कशी लागंल त्याला?"

याहून चांगलं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. बादलीभर पाण्यात थोडं ॲसिड घालून पट्ट्या बुडवल्या. सोड्यासारखं फसफसलं, थर गेला. यंत्र जोडलं, लाल दिवा विझला आणि लगेच दुसरा लागला. मीठ जास्त.

सर्जेरावांनी हात जोडले. "आता खरं बोलाय लागलं!"

मग निम्मं पाणी उपसावं लागलं. ते त्यांनी हौसेनं बागेत सोडलं आणि सगळ्या जास्वंदींनी माना टाकल्या. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

"एवढी धावपळ कुणासाठी?" मी विचारलं. "पोहतंय कोण?"

ते पट्ट्या पुसलेलं फडकं पिळत राहिले. "आक्का हाय न्हवं," एवढंच म्हणाले.

आक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच सर्जेरावांना वाढवलेलं. संधिवातानं तिचे गुडघे गेले होते. आम्ही तिला कायम व्हरांड्यातल्या खुर्चीतच पाहिलेलं.

"पाण्यात चालतीया ती," सर्जेराव म्हणाले. "भाईरच्या तलावात नेलतं, तर पावडरीनं अंगभर चट्टे उठले. ह्ये सोसतंय तिला. तलाव नासल्यापासनं खुर्चीत बसून हाय. बोलत बी न्हाय."

पाणी निवळल्यावर एका सकाळी मी तपासायला गेलो. छातीभर पाण्यात, कडेचा दांडा धरून आक्का चालत होती. सावकाश, पण ताठ. मग तिनं दांडाही सोडला. वर काठावरून सर्जेराव तिच्या पावलाला पाऊल जुळवत, दोन्ही हात पुढं करून, खेकड्यासारखे आडवे सरकत होते. नजर तिच्यावरून हलत नव्हती. ओल्या फरशीवर त्यांचा पाय किंचित सरकला.

आक्का पाण्यातच थांबली.

"सर्ज्या," ती म्हणाली, "हळू चाल की रं. पडशील."