नरूकाका पुरावा मागतात

"काका, आज उकडतंय," असं म्हटलं तरी आमचे माकुणसारचे शेजारी नरूकाका आधी अंगणात येऊन उभे राहतात आणि मगच कबूल करतात. जन्मभर बोईसरच्या एका कारखान्यात माल तपासला. निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला घेतली. "पाहिलंस, का ऐकलंस?" हा ठरलेला प्रश्न. एकदा मी आणि काका बोईसर स्टेशनला पोचलो, तर रिक्षावाला म्हणाला, "गाडी छूट गयी लगता है." काकांनी त्याला तिथेच धरला. "लगता है नाय. देखा क्या?" हा तपास संपेपर्यंत गाडी खरोखरच सुटली. काका खूश, पुरावा मिळाला ना. मी मात्र बाकावर घाम पुसत बसले.

काकांनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ वसंता सुट्टीवर यायचा, तेवढंच घरात दुसरं माणूस. वसंता मालवाहू विमानावर कामाला होता आणि ते विमान दूरच्या समुद्रावर नाहीसं झालं. मग काय, सगळं गाव तज्ज्ञ. कुणी म्हणे पळवलं, कुणी म्हणे बेटावर उतरलं. जव्हारकडच्या एका भगताला तर वसंता शहाळं पिताना दिसला.

"बेटाचं नाव इचारा त्याला," काका म्हणाले. "संपर्क तुटला, येवढं खरं हाय. बाकी समदा अंदाज."

भाऊबंदांनी दिवस घालायचं काढलं, तेव्हाही तेच. "गेला, हे कोणी पाहिलं?" लोक वैतागले. म्हातारा हटवादी आहे, असं मलाही वाटायचं.

पुढे पंखाचा तुकडा सापडला. नंबर जुळला, चौकशीवाल्यांनी तसं कळवलं. बातमी मीच वाचून दाखवली. काकांनी पुन्हा वाचायला लावली.

"विमान पडलं. मानलं," ते म्हणाले. "पण तुकडा विमानाचा हाय. वसंताचा नाय." आणि आत जाऊन घासलेलीच भांडी घासत बसले.

सर्वपित्रीला मी वडे द्यायला गेले. काकांच्या आईवडिलांची पानं कौलांवर ठेवलेली, कावळ्यांचा कालवा चाललेला. आत आणखी दोन पानं मांडलेली. एकावर काका बसलेले, दुसरं, वर ताट उपडं घालून झाकलेलं.

"वसंतादादाचं वर नाही ठेवलं?" मी विचारलं.

"कावळ्यांत कशाला? तो घरात जेवतो, बाय."

मला रडू आवरेना. काकांच्या पानावरचा भात तसाच होता. त्यांनी पाट पुढे सरकवला.

"बस जरा," म्हणाले. "एकट्याला घास उतरत नाय."