आप्पांचा समुद्र

कोकणातून घाट चढून येणारी सर्व्हिस मोटार निपाणीच्या स्टँडावर थांबली, की उतारू खाली उतरायच्या आत भूपालआप्पा वर चढलेले असत. त्यातला एखादा अर्धमेला माणूस गाठायचा, त्याच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, "समजा, आंबोलीच्या वळणावर समोरनं दुसरी मोटार आली, तर मागं कोण सरतंय?" त्या बिचाऱ्याला आधी पाणी हवं असे.

आप्पा माझे शेजारी. तंबाखूचे व्यापारी, धर्माने जैन, वय साठीच्या आसपास. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होई, म्हणून गावात त्यांना समजाआप्पाच म्हणत. पत्नीला एकदा समुद्र दाखवायचा, एवढाच त्यांचा बेत. पण परमुलखात एकट्याने जायची छाती नव्हती. म्हणून मला, म्हणजे इथल्या शाळेतल्या मास्तराला, आणि माझ्या बायकोला, इंदूला, त्यांनी त्या बेतात ओढलं होतं. "मास्तर, तुमी संगट असल्यावर घोर न्हाय," म्हणायचे. घोर सगळा आमच्याकडे आला होता.

त्यांच्या पत्नी रत्नाक्का. तापाच्या दुखण्यात त्यांचे दोन्ही कान पार गेले होते. तेव्हापासून आप्पा घरात जे बोलत ते अख्ख्या गल्लीला ऐकू येई, आक्कांना सोडून.

दर दिवाळीच्या सुटीत बेत ठरे आणि मोडे. एकदा, समजा, ड्रायव्हरलाच घेरी आली तर? एकदा, समजा, वेंगुर्ल्याचं पाणी बाधलं तर? एका वर्षी तर वळकट्या बांधून झाल्या, इंदूने दशम्या केल्या, आणि ऐन वेळी आप्पांना आभाळ पटेना. त्या दशम्या आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात बसून खाल्ल्या. इंदू माझ्याशी दिवसभर बोलली नाही. जणू आभाळ मीच बिघडवलं होतं.

जेवणाचा घोळ वेगळाच. आप्पा सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. म्हणून मोटार दिवसाउजेडी पोचलीच पाहिजे, असं वचन ते मोटारमालकाकडे मागत होते. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आप्पा, मोटार माझी हाय. सूर्य माझा न्हवं."

सगळ्यावर कडी केली ती बिऱ्हाडाने. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझ्या मावशीचं घर होतं. स्वच्छ, अंगणात विहीर, शेजारीपाजारी सगळे शाकाहारी. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"समुद्र किती लांब?" आप्पांनी विचारलं.

"चालत थोडंसं."

"मग नगं. अगदी पाण्याला लागून पायजे."

"आप्पा, पाण्याला लागून कोळ्यांची घरं आहेत. दारात मासळी वाळत घालतात. तुम्ही रस्त्यात अंड्याचं टरफल दिसलं तरी गल्ली बदलता!"

"असू द्या."

मी डोकं धरलं. इंदू म्हणाली, "यंदा नाही गेलो, तर मी आक्कांना घेऊन एकटी जाईन." मी स्टँडावर जाऊन जागा ठरवल्या, आणि दिवाळी होताच आप्पांना जवळजवळ ढकलून मोटारीत बसवलं.

सकाळीच मोटार सुटली. पुढे आंबोलीचा घाट लागला आणि आक्कांना वळणावळणाला उलट्या सुरू झाल्या. एका हाताने त्यांचं कपाळ धरून आप्पा ड्रायव्हरला विचारतच होते, "समजा, ब्रेक लागला न्हाय तर?" माझ्यापुरती सहल तिथेच संपली होती.

किनाऱ्यावर एका कोळ्याच्या घराची पडवी मिळाली. अंगणभर बांगडे वाळत होते. दिवस मावळायच्या आत आप्पांनी उपरण्याने नाक बांधलं आणि भिंतीकडे तोंड करून दशमीचे चार घास कसेबसे गिळले. माझा संताप अनावर झाला.

"बाजारातलं घर काय वाईट होतं? कशाला हा हट्ट?"

आप्पांनी उपरणं सोडलं. "मास्तर, कान गेल्यापासनं ती बोलायचीच थांबली बघा. लई वैद्य झाले, मिरजेचा डाक्टर झाला. मग मोटारीतल्या एकानं सांगितलं, दर्याचा आवाज लई मोठा असतोय, जवळ ऱ्हायलं तर झोप लागत न्हाय. म्हटलं, एवढा मोठा आवाज तरी पोचंल तिच्या कानात."

"मग इतकी वर्षं टाळलंत कशाला?"

पाण्याकडे बघत ते म्हणाले, "समजा, न्हाय पोचला तर?"

मी उठलो आणि आक्कांची वळकटी पडवीच्या पाण्याकडच्या कडेला नेऊन ठेवली.

सकाळी भरती होती. आप्पांनी आक्कांचा हात धरला आणि त्यांना थेट लाटेत नेऊन उभं केलं. घरात ती दोघं कानडी बोलत. आप्पा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "केळस्तैतेन?" ऐकू येतंय का?

आक्का त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "केळस्तैति." येतंय.

आप्पांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तसेच ते किनाऱ्यावर धावले आणि जाळी ओढणाऱ्या कोळ्यांना एकेकाला थांबवून सांगू लागले, "आमच्या मंडळींना ऐकू आलं!" मासळीचा वास ते साफ विसरले होते.

दुपारी इंदू आणि आक्का कोळ्यांच्या विहिरीवर धुणं धुऊन आल्या. इंदूने मला बाजूला घेतलं. "आक्कांना काहीसुद्धा ऐकू आलं नाही. आपणहून म्हणाल्या मला. पायाखालची वाळू सरकली, तेवढीच कळली म्हणे. पण ह्यांच्या तोंडाकडं बघून न्हाय म्हणवंना गं, म्हणाल्या. कुणाला सांगू नकोस, असंही म्हणाल्या."

मी आप्पांना कधीच सांगितलं नाही.

परतीच्या घाटात आक्कांचे पुन्हा तेच हाल झाले. निपाणीला उतरलो तेव्हा त्यांना नीट उभं राहवत नव्हतं. आप्पा मात्र वळकटी खांद्यावर घेऊन त्यांच्या कानाशी ओरडत होते, हाताने लाटा करून दाखवत होते, "फुडच्या दिवाळीला परत जाऊया! दर दिवाळीला जाऊया!"

आक्कांनी हसून मान डोलावली. मग इंदूच्या खांद्याचा आधार घेत त्यांनी हळूच विचारलं, "घाटात लिंबू चोखलं तर मळमळ कमी हुती व्हय गं?"