हात लागला!

सूनबाईला बाहेरच्या खोलीतली खिडकी हवी होती. तिचं शिवणयंत्र आतल्या बोळात होतं. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि त्या दिव्याखाली निळा आणि काळा रंग सख्खे भाऊ दिसत. गेल्याच आठवड्यात तिने एका वकिलाचा निळा कोट काळ्या दोऱ्याने शिवून दिला होता. वकिलाने तो परत आणला आणि वर अर्धा तास दारात उभं राहून आपली बाजू मांडली. आता शाळेच्या बँडचे चौदा निळे कोट यायचे होते. ते बिघडले असते तर शाळेने पुन्हा या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

खिडकीत मात्र सासऱ्यांचं बुद्धिबळाचं टेबल ठाण मांडून बसलेलं. सासरे वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत त्यांनी दुकानदारांना गुंजभर सूट दिली नाही; आता दुकानदार हाताशी नसल्यामुळे ते घरच्यांना देत नव्हते.

"खिडकी मागून मिळायची नाही," त्यांनी सांगून टाकलं होतं. "मला एकदा हरव आणि घेऊन जा."

याला सात महिने झाले. सूनबाई दर रविवारी बसे आणि दर रविवारी हरे.

या रविवारी तिचा डाव बरा चालला होता. सासऱ्यांचा काळा राजा कोपऱ्यात प्याद्यांच्या आड आरामात बसला होता. त्याला तिथून हुसकायचं कसं, या विचारात असताना तिला त्यातल्या एका प्याद्यावर पांढरा दोरा दिसला. तिच्याच बाहीवरून गळलेला. शिवणकाम करणाऱ्या बाईला दोरा दिसला आणि तिने तो उचलला नाही, असं आजवर झालेलं नाही. तिने तो चिमटीत पकडला.

"हात लागला!" सासरे गरजले.

"अहो बाबा, दोरा काढला नुसता."

"मग आधी 'नीट करते' म्हणायचं. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लागला की ते मारायचं. नियम म्हणजे नियम."

"पोरीनं तुमचं प्यादं झाडून दिलं, तर तिलाच शिक्षा?" सासूबाई मटार सोलत म्हणाल्या.

"तू मटारात लक्ष घाल."

ते प्यादं मारू शकेल असा तिच्याकडे एक उंटच होता. उंटाने प्यादं मारलं आणि राजाने उंट मारला. चिडून सूनबाईने घोडा पुढे काढून शह दिला. फुकट मिळालेल्या उंटामुळे सासऱ्यांना चढलं होतं. राजाला कोपऱ्यात परत न नेता त्यांनी तो ऐटीत पुढे सरकवला.

"फिरू दे जरा मोकळ्या हवेत," ते म्हणाले.

आता खरं तर सूनबाईने हात आवरायला हवे होते. पण राजाशेजारच्या प्याद्याच्या बुडाला चिकटवलेली हिरवी बनातीची चकती सुटून लोंबत होती. उसवलेलं काही दिसलं की तिचा जीव कासावीस होई. तिने अंगठ्याने ती चापून बसवली, आणि बसवताना तिला आठवलं.

"हात लागला!"

"मेले!" सूनबाई म्हणाली.

या वेळी हत्ती गेला. उंट गेला, हत्ती गेला, बदल्यात आली दोन प्यादी. सासऱ्यांनी मारलेली मोहरी टेबलाच्या कडेला ओळीने मांडली आणि खिडकीचा पडदा, जणू खिडकी जन्मभर आपलीच राहणार आहे अशा मायेने, नीट केला. सूनबाईच्या डोळ्यांपुढे चौदा कोट उभे राहिले.

पण पटावर पाहते तर राजाभोवती चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडची प्यादी गेली होती आणि महाराज उघड्यावर उभे होते. तिने वजीर काढला. शह. राजा एक घर पुढे. पुन्हा शह. राजा आणखी पुढे. हां हां म्हणता तो पटाच्या मध्यावर येऊन पोचला.

"अगंबाई, हे कुठे निघाले?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी मागे कोपऱ्याकडे नजर टाकली. परत फिरायला वाट नव्हती. मग त्या सचोटीच्या माणसाने एक गोष्ट केली. स्वतःच्या सदऱ्याच्या कफाचा एक दोरा त्यांनी हळूच ओढून तोडला आणि चाल करता करता जवळच्या एका प्याद्यावर ठेवला. ते प्यादं कुणीही मारलं असतं, तर मारणाऱ्याला गिळायला त्यांचा वजीर टपून होता.

सूनबाईने दोरा पाहिला. तिची बोटं शिवशिवू लागली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि दोऱ्याकडे टक लावून बसली. बसली म्हणून तर दिसलं! त्या प्याद्यावर तिचा घोडा जात होता. घोडा हलला की त्याच्या मागे अडकलेल्या दुसऱ्या उंटाची थेट राजापर्यंतची वाट मोकळी होत होती.

तिने मांडीखालून हात काढला आणि सावकाश दोरा उचलला.

"हात लागला!" सासरे जवळजवळ उडालेच. "मार! मारावंच लागेल!"

"मारते ना बाबा. नियम म्हणजे नियम."

घोडा प्याद्यावर बसला. घोड्याचा शह आणि मागून उंटाचाही शह. घोड्याला मारावं तर उंट उभा, पळावं तर चोहोबाजूंनी तिचा वजीर.

"मात," सूनबाई म्हणाली, आणि मग घर दणाणेल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "मात! आई, मात झाली!" सात महिने पोटात दाबलेला आनंद तिला आवरेना. सासूबाईंच्या मांडीवरचे मटार घरभर झाले.

सासरे बराच वेळ पट न्याहाळत राहिले. मग त्यांनी कपाटातून जाड वही काढली. मोठमोठ्या खेळाडूंचे गाजलेले डाव ते तीत उतरवून ठेवत. कोरं पान उघडून त्यांनी सगळ्या चाली लिहिल्या आणि पेन हवेत धरून विचारलं, "उंटाचा बळी. हा तू ठरवूनच दिलास, नाही का?"

"नाही हो बाबा, तो दोरा..."

"कसला दोरा?" त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की सूनबाईला सगळं उमगलं. गाजलेल्या डावात माणूस हरला तर निदान वहीत जागा मिळते. दोऱ्याने हरलेल्याला कोण विचारतो?

"ठरवूनच," ती म्हणाली.

"आणि हत्ती?"

"तोही."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि आयुष्यातली पहिली खोटी नोंद त्यांनी वळणदार अक्षरात केली. वही मिटून ते उठले आणि टेबलाची एक बाजू दोन्ही हातांनी धरली. "बघत काय उभी राहिलीस? धर तिकडून."