वीस बाय दहाचं कार्ड

दहाला दहा मिनिटं कमी असताना बद्रीनाथ केजच्या चौकात पोचला आणि थांबला. एरवी तो थांबत नसे. घरापासून दुकानापर्यंत सहाशे बारा पावलं होती, त्यातलं तीनशे चाळिसावं चौकात पडायचं आणि तो खाली बघत पुढं निघायचा. आज मात्र चौकात माणसं होती आणि ती बोलत नव्हती. केजच्या चौकात माणसं बोलत नाहीत हे इतकं विचित्र होतं, की त्यानं मान वर केली.

लोखंडी चौकटीवर वीस बाय दहा फुटांचा नवा फ्लेक्स लागला होता. डावीकडं, आज ज्यांचा वाढदिवस त्या पुढारी अर्जुनराव आबांचा हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुकांचे बावीस गोल फोटो, आणि मधोमध भगव्या अक्षरांत मजकूर:

‘मला गर्दीचा आणि मोठ्या आवाजाचा त्रास होतो. मी आजारी नाही, रागावलेलोही नाही. कृपया मला हात लावू नका. डोळ्यांत बघून बोल, असं म्हणू नका. काय झालं, काय झालं, असं सारखं विचारू नका. पंधरा मिनिटं शांत बसू द्या. मी आपोआप नीट होतो. अगदीच राहवलं नाही तर माझ्या आईला फोन करा.’

त्याखाली आईचा नंबर होता. बद्रीनाथच्या आईचा.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत अंतर जरा जास्त झालंय, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार, आपली नोकरी गेली.

ही नोकरी त्याची तिसरी. पहिली औषधाच्या दुकानात. तिथं ‘हे सिरप चांगलं हाय का?’ असं गिऱ्हाइकानं विचारलं, की तो ‘मला माहीत न्हाई, मी पिलेलो न्हाई’ असं सांगायचा. दुसरी शाळेच्या कचेरीत, अगदी घंटेखालच्या खुर्चीवर. ती अकरा दिवस टिकली. गावाच्या लेखी तो तिरसट होता, काहींच्या लेखी शिष्ट. सव्विसाव्या वर्षी बीडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की याला ऑटिझम आहे, आणि लोक त्याला नीट वाग नीट वाग म्हणून बारा-पंधरा वर्षं हटकत आलेत, त्यामुळं सोबत घाबरण्याचा आजारही जडलाय. घाबरण्यासाठी गोळी होती. ऑटिझमसाठी नव्हती, कारण तो आजारच नव्हता, स्वभावाची घडण होती. सुंदरबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंजे ह्याचं काय चुकत नव्हतं ना?”

मग तो सोमेश्वरच्या फ्लेक्सच्या दुकानात लागला आणि तीन वर्षं टिकला. फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुणापेक्षा बोटभर मोठा हवा, कोणते दोन शेजारी आले की मारामारी होते, कुणाच्या नावापुढं माजी लिहिलेलं चालत नाही, हे सगळं त्याला पाठ होतं. तालुक्यात तेवढं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. बावीस शुभेच्छुकांचा फ्लेक्स लावून त्या गावात भांडण झालं नाही, असं फक्त याच दुकानाच्या बाबतीत घडायचं.

घोटाळा कालच्या दुपारी झाला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की फार घाबरायला झालं की तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तर खिशात एक कार्ड ठेव, ते दाखव. मजकूर दोघांनी मिळून ठरवला. आता फ्लेक्सच्या धंद्याची एक रीत असते. नवी फाईल कुणी करत नाही. जुना फ्लेक्स उचलायचा, फोटो काढायचा, मजकूर बदलायचा, झालं. सोमेश्वरनं पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं आणि बद्रीनाथ शिकवलेलं मोडत नसे. त्यानं समोर उघडा असलेला अर्जुनराव आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उचलला, शुभेच्छा पुसल्या, तिथं कार्डाचा मजकूर बसवला. आता फोटो काढायचे आणि माप लहान करायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात दुकानासमोर लग्नाची वरात येऊन थांबली. डीजेच्या दणक्यानं काउंटरवरचा पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला आला. बद्रीनाथच्या हातानं सवयीनं फाईल साठवली, आणि तो कानांवर हात दाबून मागच्या कोठीत फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमध्ये जाऊन बसला. पंधरा मिनिटं.

त्याच पंधरा मिनिटांत आबांचा कार्यकर्ता सिदू टेम्पो घेऊन आला. “सोमेश्वरभाऊ, झालं का न्हाई? चारला लाईट जातीय!” सोमेश्वरला आष्टीला मेव्हण्याच्या लग्नाला निघायचं होतं. त्यानं मशीन चालू केलं, सगळ्यात शेवटी साठवलेली फाईल छपाईला लावली आणि आरशात बघून फेटा बांधत बसला. शाई वाळली न वाळली तोच सिदूनं फ्लेक्स छापील बाजू आत घेऊन गुंडाळला आणि नेला. कोठीतून बाहेर येऊन बद्रीनाथनं उरलेलं काम शांतपणे पुरं केलं, कार्ड छापलं, खिशात ठेवलं.

ते कार्ड आत्ताही त्याच्या खिशात होतं. पण चौकात ते कुणाला दाखवायचं? सगळे तेच तर वाचत होते.

उरलेली दोनशे बहात्तर पावलं त्यानं कशी टाकली ते त्याला आठवेना. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत सोमेश्वर कालच्याच फेट्यात बसला होता.

“बद्री, फोटो कुणाचा?”

“आबांचा.”

“अन् मजकूर?”

“माझा.”

“असं का केलं रे?”

“फाईल मी केली. छापली तुमी,” बद्रीनाथ म्हणाला. त्याला उलट उत्तर द्यायचं नव्हतं. जे घडलं ते त्यानं क्रमानं सांगितलं होतं.

सोमेश्वरनं फेटा काढून काउंटरवर ठेवला. “ते बी खरंच हाय. पण आबांची माणसं असं क्रमानं ऐकत न्हाईत. आता आबा काय म्हणतेत त्याच्यावर तुझं अन् माझं दोघांचं बी हाय. तुला ठेव म्हणले तर ठेवीन. न्हाई म्हणले तर...” पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. बद्रीनाथला अर्धी वाक्यं कळत नसत, पण हे कळलं.

फोन वाजला. सुंदरबाई.

“बद्री, लेकरा, कुठं हायेस? सकाळधरनं तीस-पस्तीस जणांनी फोन केले! गावाला तुझी इतकी काळजी हाय, मला ठाऊकच नव्हतं.”

“आई, तू काय सांगितलंस त्यांना?”

“जे हाय ते. एकजण म्हणला, पाचशे हार आणलेत, काय करू? म्हणलं हार कशाला, त्याच्या गळ्याला काय टोचलेलं चालत न्हाई, मी तर सदऱ्याचं लेबल बी कापून टाकते. एकानं विचारलं, डीजे ठरवलाय. म्हणलं, माघारी पाठव मुडद्याला, अन् घरातला पंखा बी बंद ठेव, त्याला घरघर चालत न्हाई. एकजण म्हणला, जेवायला काय देऊ? म्हणलं दहीभात, अन् दह्याला भात लागू देऊ नको, अलग अलग वाढ. चांगली पोरं हायेत रे. सगळी जी जी म्हणत होती.”

बद्रीनाथनं फोन ठेवला आणि तो स्टुलावर बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून दाबू लागला. घाबरायला झालं की तो असं करायचा.

साडेअकराला सिदू आला. शटरखालून वाकून आत येतानाही त्याचा आवाज हळू होता. आयुष्यात पहिल्यांदा असावा.

“सोमेश्वरभाऊ,” तो कुजबुजला, “आबांला हे कवापासून हाय ओ?”

“काय?”

“हेच, फ्लेक्सवरचं. आमाला कुणालाच बोलले न्हाईत. धा वर्सं मी त्यांच्या कानाशी फटाके लावतोय!” सिदूच्या डोळ्यांत पाणी आलं. “आज न्हाई लावले. डीजे माघारी धाडला. हार नारायणगडाच्या मंदिरात पाठवले. लोक फाटकापाशी येतेत, पन्नास फुटांवरनं खाली मान घालून हात जोडतेत अन् जातेत. नव्या सदऱ्याचं लेबल मी सोत्ता कापलं, त्या नंबरावरच्या माउली म्हणल्या तसं. म्हणलं, आबांच्या मानलेल्या आई असतील.”

“अरे, मग आबांला एकदा विचारायचं तरी!”

“विचारायचं कसं? त्याच्यातच लिव्हलंय की, सारखं विचारू नका म्हणून.”

बद्रीनाथ उठून म्हणाला, “ते आबांचं न्हाई, माझं हाय. चुकून छापलं गेलं.”

सिदू त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला, तोही हळूच. “आता हे आबांला कोण सांगणार?”

“मी सांगतो,” बद्रीनाथ म्हणाला. पण पुढं शब्द येईनात आणि पाय उचलेनात. खिशातलं कार्ड काढून त्यानं दोघांसमोर धरलं. तोच मजकूर आता तळहाताएवढा दिसत होता. सोमेश्वरनं ते वाचलं. त्यानं पंखा बंद केला, सिदूला दंडाला धरून बाहेर नेलं आणि शटर आणखी थोडं खाली ओढलं.

अंधारात पाय हलले तेव्हा बद्रीनाथ मागच्या कोठीत गेला आणि एकावर एक रचलेल्या गुंडाळ्या बघत उभा राहिला. त्यांच्या कडा एका रेषेत होत्या, त्यानंच लावल्या होत्या. ही कोठी उद्यापासून कुणीतरी दुसरा लावील आणि वाकडी लावील, असं वाटून त्यानं सगळ्यात वरची गुंडाळी पुन्हा एकदा सरळ केली.

शटर वर झालं तेव्हा दारात अर्जुनराव आबा उभे होते. एकटेच. गाडी नाही, माणसं नाहीत, पायात घरातली चप्पल. मागून सोमेश्वर हात जोडून ‘आबा, माझं ऐका’ असं म्हणत होता.

“ते फ्लेक्सवरचं कुणी लिव्हलं?” आबांनी विचारलं.

बद्रीनाथ आबांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडं बघत म्हणाला, “मी. तुमच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी लिव्हलतं. चूक झाली.”

“बसू का इथं?”

आबा आत येऊन गुंडाळीवर बसले. सोमेश्वर चहाचं विचारणार होता, आबांनी हात वर केला. बाहेरून एक जीप हॉर्न देत गेली. बऱ्याच वेळानं आबांनी एक मोठा श्वास सोडला.

“तू म्हणतोस तसं पंधरा मिनिटं बसलो.”

“अकरा झालीत,” बद्रीनाथ म्हणाला.

सोमेश्वरनं डोळे मिटून घेतले. आबा हसले आणि खरोखरच आणखी चार मिनिटं बसून राहिले.

“तीस वर्सं झाली ह्या धंद्यात,” मग ते सावकाश बोलू लागले. “दरसाल वाढदिवसाच्या आदल्या दिशी छातीत असं धडधडतं, की वाटतं आता गेलो. हसून हार घ्यायचे. मोजून दोनदा दवाखाना झाला, लोकांला सांगितलं पित्त हाय. आज पैल्यांदा सकाळी धाला झोप लागली मला. पोरांनी पंखा बी बंद केलता, तेवढंच जरा उकडलं.”

“पंख्याचं ते माझ्यासाठी हाय. आवाजामुळं,” बद्रीनाथ म्हणाला. “तुमी चालू ठेवला तरी चालंल.”

“सोमेश्वर, फ्लेक्स काढू नको. आठ दिवस राहू दे. अन् ह्याला बी काढू नको.”

“न्हाई आबा! ह्याला कशाला काढीन? उलट सकाळीच तुमच्या विरोधी पार्टीचा फोन आलता. म्हणतेत, आमच्या साहेबांचा बी तसाच एक करा, पण वीस मिनिटांचा.”

आबा बद्रीनाथकडं वळले. “मला एक खिशात मावंल असं कार्ड करून दे.”

“मजकूर?” बद्रीनाथनं विचारलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे विचारायचाच.

“जसाच्या तसा.”

“शेवटी आईचा नंबर हाय. तिथं तुमच्या आईचा टाकावा लागंल.”

“माझी आई जाऊन अकरा वर्सं झाली.”

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते बद्रीनाथला कधीच आठवत नसे. त्यानं विचारलं, “मग ती ओळ काढू का?”

आबा सदऱ्याच्या मानेवरून, जिथं लेबल असतं तिथून, हात फिरवत राहिले. “नको. हाय तोच नंबर राहू दे. सकाळी मी बी लावलता, दोनदा. नाव न्हाई सांगितलं. त्या म्हणल्या, पाय गार पाण्यात सोडून बस लेकरा, आज कुणाला काय उत्तर द्यायचं न्हाई.”

बद्रीनाथ संगणकासमोर बसला. या वेळी त्यानं जुनी फाईल उचलली नाही, नवी उघडली. मापाच्या चौकटीत साडेतीन बाय दोन लिहिलं, आणि पुढचा ‘इंच’ हा शब्द दोनदा तपासला.