मास्तरांना पोचवताना

ट्रंपेटच्या बाबतीत माझी चूक होणं शक्यच नाही! चाळीस वर्षं जॅझ वाजवतोय, तीस वर्षं शिकवतोय. वर्गातला पहिला धडा ठरलेला: ट्रंपेटला तीन दट्टे असतात. तेल घालताना एका वेळी एकच काढायचा. जागा बदलल्या की वाराच अडतो! एक विद्यार्थी हे विसरला, तेव्हा त्याला मी पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढलं. पुढे तो प्लंबर झाला.

मला हा धडा मास्तरांनी दिला होता. त्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार होती, "तुला थांबायचं कुठं ते कळत नाही!" दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "मला पोचवताना वाजवशील ना? पण लांबवू नकोस."

"मास्तर, तुम्ही निश्चिंत जा!" मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलेच.

सकाळी ट्रंपेट पुसायला घेतला, तर डोळे सारखे भरून येत होते. वडिलांनंतर मला हक्कानं रागावणारं ते एकच माणूस होतं. तिन्ही दट्टे एकदम काढले, तेल घातलं, बसवले आणि निघालो.

सभागृह गच्च भरलेलं. अकराला शववाहिनी येणार होती. मास्तरांच्या उशाशी उभा राहून छाती भरून फुंकलं. हूं नाही की चूं नाही!

लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. हुंदके सुरू झाले. मी दुप्पट जोर लावला. तोंड लालभडक!

"अरे, अटॅक आला यांना!" कोणीतरी ओरडलं. चौघांनी उचलून मला मास्तरांशेजारच्या बाकावर आडवं केलं.

"अहो, डोळे मिटू नका!" बायकोनं रडायला सुरुवात केली.

"मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणत एकानं माझे बूट काढले.

तेवढ्यात शववाहिनीचा ड्रायव्हर आला. आम्हा दोघांकडे बघून तडकला, "मला एकच सांगितलं होतं!"

गर्दीतून तोच प्लंबर पुढे आला आणि माझ्या कानाशी वाकला. ट्रंपेट त्याच्याच हातात होता. "सर, पहिला आणि तिसरा. अदलाबदल झालीय. आता नीट बसवलेत."

चौघं मला उठू देईनात. "मग तूच वाजव! निदान दोन सूर!"

"मला कुठं येतं, सर? तुम्ही तर पहिल्याच दिवशी काढलंत."

मास्तरांना उचललं. ते तसेच गेले, एका सुराशिवाय.

जाताना मास्तरीणबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "जन्मभर सांगत होते, थांबायला शीक. आज शिकलास हो! त्या शांततेत ते मला दिसले."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. प्लंबरनं हळूच नकारार्थी मान हलवली. मी तोंड मिटलं.

हल्ली दर सोमवारी प्लंबर माझ्या वर्गात येतो. सूर लावायला शिकतोय. नव्या मुलांना पहिला धडा मात्र तोच देतो. तेवढा वेळ मी वर्गाबाहेर उभा असतो.