छपरीतले रणगाडे

बिसेनजींनी पहिल्या भेटीतच माझ्याकडे माझ्या बुटांचा चिखल मागितला.

मी अर्जुनी मोरगावला कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. सांगलीकडचा माणूस. धानाची शेती तोवर जवळून पाहिलेली नव्हती. कुणीतरी सांगितलं, बिसेनांकडे मागची खोली रिकामी आहे, बांधीतून गेलात तर लवकर पोचाल. बांधी म्हणजे धानाचं शेत, आणि पावसाळ्यात तिच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालायला लहानपणापासूनचा सराव लागतो, एवढं सांगायचं तो विसरला. मी बिसेनांच्या छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत माखलो होतो. प्राध्यापकाला शोभेल असं काहीतरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला. छपरीतल्या साठीच्या गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते वाकले, माझ्या टाचेवरचा चिखल नखानं उचलला, उजेडात धरला.

"कुठून आणला जी हा? भल्ला बेस रंग हाय. बूट काढून ठेवा. धुऊ नोका."

खोली मला मिळाली. बूट मात्र आठवडाभरानं मिळाले.

बिसेनजींची इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली शेती होती, मुलगी लग्न होऊन रायपूरला होती, घरात ते आणि काकू दोघंच. आणि छपरीच्या एका बाजूला, जाळीच्या कपाटात, रणगाडे होते. खरे रणगाडे, फक्त तळहातावर मावणारे. प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेले सुटे भाग खोक्यातून यायचे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सुरुवातीला खोकी नागपूरच्या एका दुकानातून यायची. पुढे गोंदियाच्या इंटरनेट कॅफेतून कुणाकडून तरी मागवून घेतलेली यायला लागली. रणगाडे, लष्करी ट्रक, जीप, तोफा ओढणाऱ्या गाड्या. सगळ्यांवर चिखल. कोरा करकरीत रणगाडा त्यांना सहन व्हायचा नाही.

"खोटं दिसते जी," ते म्हणायचे. "लढाईले गेला आन् चाकाले माती नाही? हा काय वरातीत गेलता?"

गावात त्यांना 'टँकवाले बिसेन' म्हणत. त्यामुळे घोटाळे व्हायचे. एकदा नवेगाव बांधहून एक गृहस्थ घराच्या गच्चीसाठी टाकी बघायला आले. बिसेनजींनी त्यांना प्रेमानं बसवलं, कपाट उघडलं, एकेक टँक हातावर ठेवून दाखवला. पाहुणा मान डोलवत राहिला. शेवटी चहा संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "सब ठीक है भाऊ, पर पाणी किती मावते?"

हसू नका. मी स्वतः त्याहून मोठा मूर्खपणा केला आहे. बिसेनजी चिखल वाळवून, कुटून, फडक्यातून चाळून काचेच्या बरण्यांत भरून ठेवत. कालव्याचा पिवळट, तलावाकाठचा काळा, रस्त्याच्या मुरमाचा लालसर. एका दुपारी काकू बाहेर गेल्या होत्या. मी जेवायला बसलो आणि छपरीच्या फळीवरची बरणी जवसाची चटणी समजून घेतली. भातावर भरपूर घातली, वर तेल. पहिल्या घासाला दाताखाली करकरलं, पण मी परमुलखातला माणूस, म्हटलं इकडे अशीच खात असतील. सगळी संपवली. काकू आल्यावर वर सांगितलंही, "चटणी झकास होती हो काकू, जरा जाडसर कुटली गेली एवढंच."

काकूंनी बरणी पाहिली आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. बिसेनजी मात्र गंभीर होते. "सर, ते नवेगावच्या तलावाची माती होती जी. तिच्यासाठी मी येष्टीनं गेलतो."

काम चालू असलं की छपरीत पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. रंगावर धूळ बसते. आणि एखादा भाग चिमट्यातून निसटला की ते ओरडायचे, "हालू नोका!" मग जो जिथे असेल तो तिथेच थिजायचा. एकदा दूधवाला असाच एक पाय उंबऱ्यावर, एक पाय हवेत असा उभा राहिला आणि आत चुलीवर दूध उतू गेलं. काकू स्वयंपाकघरातून ओरडत होत्या, "मी हालू का जी आता?" बिसेनजी गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपत होते. तो भाग, रणगाड्याच्या झाकणाची इवलीशी कडी, शेवटी माझ्या केसांत सापडला. त्या काळी मला केस होते.

काकूंना या सगळ्याचं कवतिक नव्हतं. "भंगार" हा त्यांचा शब्द. पण त्या तो ज्या सुरात म्हणायच्या, त्यावरून मला शंका यायची. एकदा विचारलं, हे वेड लागलं कधी? त्यांनीच सांगितलं. बिसेनजी त्यांना बघायला यायचे होते त्या दिवशी गोंदिया स्टेशनावर लष्कराची मालगाडी उभी होती. उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली रणगाडे. बिसेनजी बघत राहिले आणि त्यांची पॅसेंजर निघून गेली. ते दुसऱ्या दिवशी पोचले. काकूंच्या वडिलांचं डोकं फिरलेलं.

"बाबानं इचारलं, काऊन जी उशीर? दुसरा कोनी आसता तं मनला आसता, तब्येत बिघडली. ह्यायनं खरं सांगतलं. मी आतून आयकून राहिलती. मले इतकं हसू आलं का माय चिमटा काढून राहिली. खोटं बोलता येत नाही ह्यायले. मनून हो मनलं."

मलाही एकदा हौस आली. इतकी वर्षं बघतोय, एक जीप तर जमेल. बिसेनजींनी उदार मनानं एक खोकं दिलं. पहिल्याच दिवशी जीपचं स्टिअरिंग माझ्या अंगठ्याला चिकटलं आणि तसंच घेऊन मी अकरावीच्या वर्गावर गेलो. जीप कशीबशी उभी राहिली. बॉनेटवरचा तारा मी स्वतः रंगवला. बिसेनजींनी जीप डोळ्यांजवळ नेली. भिंग लावलं. भिंग काढलं.

"तारा हाय का कोंबडीचा पाय?"

आणि माझ्या देखत त्यांनी ती थिनरच्या वाटीत बुडवली. रंग सुटून तळाशी बसला. मग मला वाईट वाटलेलं पाहून म्हणाले, "मानूस तुमी लाख हा जी. हात तेवढा नाही. तुमी मराठीच शिकवा." त्यांच्या छपरीत एवढीच सूट मिळायची. चाकाच्या कडेबाहेर केसाएवढा रंग गेला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

मग एका दिवाळीच्या मागेपुढे, धानाची कापणी चालू असताना, काकूंना लकवा झाला. सकाळी उठल्या तर उजवा हात उचलेना, बोलणं जड. आधी गोंदिया, मग नागपूर. जीव वाचला. बोलणंही बऱ्यापैकी परतलं. हात मात्र अडून बसला.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. कणीक मळा, हरभरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका. काकूंनी चार दिवस केलं. हरभरे घरभर सांडले. ज्या बाईनं उभा जन्म चिखलात वाकून धानाची रोवणी केली, घर चालवलं, तिला ते बघवेना. एका सकाळी त्यांनी वाटी ढकलून दिली. "मी का लहान पोट्टी आहो?" त्यानंतर त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या.

छपरी बंद झाली. ब्रश वाळले. बिसेनजी स्वयंपाक करू लागले आणि आम्ही तिघं करपलेला भात खाऊ लागलो. मला काही सुचेना. मी धीर देणारी वाक्यं बोलायचो. व्याकरणशुद्ध असायची ती. काकू डोळे मिटून घ्यायच्या.

मग एके दिवशी कॉलेजातून आलो तर छपरीत काकू खुर्चीवर. समोर पाट, पाटावर रणगाडा. उजव्या हातात ब्रश, त्याच्या दांड्याला जाड फडकं गुंडाळलेलं, पकडायला सोपं जावं म्हणून. आणि बिसेनजी म्हणत होते, "डोळे गेले वो माह्ये. चाक दोन-दोन दिसून राहिले. तू रंगव तेवढे."

"ह्या हातानं? सत्यानास होईन."

"होऊ दे."

झाला. रंग चाकावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून पाटावर, पाटावरून लुगड्यावर. बिसेनजी शेजारी बसून पुढचं चाक सरकवत होते. मी वाट पाहत होतो, आता थिनरची वाटी येणार. आली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक. मग अँब्युलन्स. कपाटात एकेक डागाळलेली गाडी पुढच्या रांगेत येऊन बसू लागली.

आणि इथे मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांची शिकवण होती ना! मी काकूंच्या खांद्यावरून वाकून म्हणालो, "काकू, इथे कडेबाहेर गेलाय बघा."

काकूंचा हात थांबला. बिसेनजी उठले, "सर, भाजी आनाले चला," म्हणाले आणि मला दंडाला धरून रस्त्यावर घेऊन गेले. भाजी-बिजी काही नव्हती.

"कायले बोलता जी मधात?"

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मी काईबी बोलतो. तुमी मराठीचे सर हा. कुठं चूप बसा लागते, ते तुमाले समजाले पायजे का नाही?" एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग आवाज खाली आला. "तिनं आज भिंतीकडची उशी फिरवून घेतली जी. आता छपरीकडं तोंड करून झोपते."

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उगाच कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत आलो.

वर्ष सरलं. काकूंचा हात हळूहळू वळला. पूर्वीसारखा नाही, पण पोळी लाटता येईल, चहा गाळता येईल इतका. रोज दुपारी मात्र दोघं छपरीत बसतच होती. चाकं काकू, बाकीचं बिसेनजी.

हिवाळ्यातल्या एका रविवारी काकूंनी मला मागच्या पायरीवर चहा आणून दिला. थोडा बशीत सांडला होता. त्या शेजारी टेकल्या.

"सर, ह्यायचे डोळे चांगले हायेत. मले मालूम हाय."

मी चहाकडे पाहत राहिलो. कुठे चूप बसावं हे मी शिकलो होतो.

"परवा खाटेखालून खिळा उचलला, मुंगीएवढा. बिनाचष्म्यानं. मले पाहून मंग चाचपडून राहिले." त्या हसल्या. "खोटं बोलाले शिकले, पन या उमरीत."

"मग काकू, तुम्ही कशाला बसता रोज? हात तर बरा झालाय. तुम्हाला तर ते भंगार वाटतं."

काकूंनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली.

"मी दवाखान्यात होती ना, पोरगी माह्यापाशी होती, तुमी सुट्टीत गावाकडं गेलते, तवा हे एकटेच होते इथं. शेजारची सांगत होती. छपरीत बसून राहात, दिवा लावत नोहते, जेवत नोहते. कपाट उघडत, बंद करत. मी नाही बसली तं एकटेच बसतीन जी. त्याईले सांगू नोका, मले समजलं मनून."

तेवढ्यात छपरीतून हाक आली, "अवो, येतेस का? चाक दिसून नाही राहिलं."

"आली जी," काकू म्हणाल्या, पदराला हात पुसला आणि भिंतीला धरत आत गेल्या. मीही अर्धवट उठलो होतो. मग लक्षात आलं, मला कुणी बोलावलेलं नाही. खाली बसलो आणि बशीतला चहा पिऊन टाकला.