मार्जोरीचा स्वेटर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात क्लिफ ऑर्मरॉडने एक छोटासा निर्णय घेतला. घरातल्या सगळ्यांना जो नियम, तोच अजगरालाही लावायचा.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. बर्नलीतल्या त्यांच्या गल्लीत पाच नोव्हेंबरच्या आत हीटिंग लावणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा समजला जाई. पाच तारखेला, तिकडच्या होळीच्या सणाला, गावभर होळ्या पेटल्या, फटाके उडाले, की मग थंडी वाजते असं कबूल करायला हरकत नसे. तोवर स्वेटर घालायचा. फारच वाजली तर त्यावर दुसरा. क्लिफ आणि शेजारचा हॅरल्ड डॉबसन यांच्यात तर अकरा वर्षं याची मुकी चुरस चालली होती. सकाळी दुधाची बाटली उचलायला दोघंही दार उघडत आणि एकमेकांच्या भिंतीतून बाहेर आलेल्या बॉयलरच्या नळीकडे बघत. जिच्यातून आधी वाफ निघेल तो हरला. क्लिफ एकदाही हरला नव्हता. (नगरपालिकेच्या दफनभूमी खात्यात तो कारकून होता. जिंकण्यासारखं दुसरं काही त्याच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.)

अजगर त्याच्या मुलीचा, जॅनिसचा. आफ्रिकेकडची छोटी जात, हातभर लांब, शांत, नाव मार्जोरी. सप्टेंबरात जॅनिस नर्सिंग शिकायला लीड्सला गेली. निघताना तिने बजावलं होतं, पेटीखालची विजेची गादी कधीही बंद करायची नाही. बस सुटली तेव्हा एडना, म्हणजे क्लिफची बायको, रुमालात रडली. क्लिफ मात्र बस सात मिनिटं उशिरा सुटली एवढंच म्हणाला. खरं तर पोरगी गेल्यापासून घर त्याला खायला उठत होतं. पण असलं काही बोलून दाखवायची त्या गल्लीत पद्धत नव्हती, म्हणून त्याने मार्जोरीची पेटी बैठकीत आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवली.

आणि मग, नियम म्हणजे नियम, म्हणून गादीची पिन काढली.

तो निर्दय नव्हता हो. एडनाने जॅनिसचा शाळेचा जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा मार्जोरीसाठी नवा विणला. दोन्ही टोकांना उघडा, म्हणजे खरं तर नुसतीच एक लांब बाही. मार्जोरीने तो निमूट घालून घेतला आणि त्यानंतर ती हललीच नाही. ती सुखात आहे असा क्लिफने अर्थ काढला.

आठवडाभराने टीव्हीसमोर बसल्या बसल्या एडनाला घरघर ऐकू आली. बारीक, शिट्टीसारखी, मध्येच बुडबुडा फुटल्यासारखी. ती क्लिफच्या खुर्चीकडून येत होती.

"तुझी छाती भरलीय," ती म्हणाली.

क्लिफ म्हणाला, मला काही होत नाहीये. पण लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाला आपली छाती कशी आहे हे बायकोइतकं कळत नाही. त्या रात्रीपासून त्याच्यावर उपचार सुरू झाले. छातीला निलगिरीचं तेल, त्यावर फ्लॅनेलचा तुकडा, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा, आणि तीन वेळा काळं औषध. चौथ्या दिवशी त्याला स्वतःलाही थोडं बरं वाटेनासं झालं. घरघर मात्र वाढतच गेली. ऑफिसातल्या एकाने तर त्याला ओळखीखातर दफनभूमीतली उन्हाची बाजू दाखवली.

शुक्रवारी संध्याकाळी तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला होता. आतून एडनाची हाक आली.

"क्लिफ, तू बाहेरच आहेस ना?"

"हो."

"मग इथे कोण घरघरतंय?"

दोघंही पेटीपुढे गुडघ्यांवर बसले. मार्जोरीने डोकं काचेला टेकवून उंच धरलं होतं, तोंड उघडं, नाकपुडीवर फेसाचा बुडबुडा, आणि ओठाशी चिकट लाळेची तार. आठवडाभर हिच्या वाटणीचं औषध तो पीत होता.

दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यात तिला घालून, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून तो पशुवैद्य टॅटरसॉलकडे गेला. टॅटरसॉल म्हातारा होता आणि गाईंशी बोलायची सवय असल्यामुळे माणसांची भीड ठेवत नसे. त्याने मार्जोरीचं तोंड हळूच उघडून पाहिलं, छातीला नळी लावली, आणि मग स्वेटरचं टोक दोन बोटांत धरलं.

"हे काय आहे?"

"थंडी वाजू नये म्हणून."

"मिस्टर ऑर्मरॉड, स्वेटर तुमच्या अंगातली ऊब आत धरून ठेवतो. हिच्या अंगात स्वतःची ऊब नसतेच. तुम्ही हिचा गारठा नीट जपून ठेवलात."

टॅटरसॉलने पुढचं समजावलं. हिला न्यूमोनिया झालाय. सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही, त्यामुळे छातीतला कफ छातीतच राहतो. दर तिसऱ्या दिवशी एक अशी सात इंजेक्शनं घरीच द्यायची, आणि तीही अंगाच्या पुढच्या भागात, कारण मागे दिलं तर औषध आधी मूत्रपिंडांवर जातं. पेटी गरम हवी, आणि खोलीसुद्धा, नाहीतर काचेवर ओल धरून छाती आणखी बिघडेल. वाचेल का, ते पंधरा दिवसांत कळेल. घरी येताच क्लिफने गादीची पिन परत लावली.

रविवारी सहा वाजता नेहमीप्रमाणे जॅनिसचा फोन आला. वॉर्डातली सिस्टर ओरडते, खोलीत एकटं वाटतं, असं सांगता सांगता तिचा आवाज ओला झाला. मग तिने विचारलं, "मार्जोरी कशी आहे, डॅड?"

"छान आहे," क्लिफ म्हणाला, आणि फोन ठेवून जिन्यावर बसला. पोरीने घर सोडताना एकच जीव त्याच्या हवाली केला होता.

मग तो उठला आणि एकोणीस ऑक्टोबरला त्याने हीटिंग लावलं.

सकाळी हॅरल्डने दार उघडलं. त्याने नळीतून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं, क्लिफकडे पाहिलं, आणि प्रेतयात्रा जाताना काढतात तशी टोपी काढली. पण दहा मिनिटांत त्याच्याही नळीतून वाफ निघाली, आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीतून. सगळेच कुणीतरी आधी हरायची वाट बघत होते.

इंजेक्शनची गोष्ट वेगळी. एडना धरायची, क्लिफ टोचायचा. पहिलं औषध खुर्चीच्या गादीला गेलं. (गादीला नंतर कधीच काही झालं नाही.) दुसऱ्या वेळी सुई बरोबर गेली, आणि क्लिफला घेरी आली. पण तो रोज संध्याकाळी पेटीशेजारी बसून तिचे श्वास मोजू लागला, तिच्याशी ऑफिसातल्या गोष्टी बोलू लागला. पाचव्या इंजेक्शनानंतर तिचं तोंड मिटलं. सातव्यानंतर शिट्टी थांबली. डिसेंबरात तिने उंदीर खाल्ला, तेव्हा क्लिफने एडनाला चक्क मिठी मारली, आणि ती घाबरली.

नाताळला जॅनिस आली. मार्जोरी तिच्या मनगटाला वेटोळं घालून बसली. क्लिफला गप्प राहवेना. त्याने सगळं कबूल केलं: गादी, स्वेटर, फोनवरचं खोटं, इंजेक्शनं, हॅरल्डची टोपी. पोरगी चिडेल असं त्याला वाटलं होतं. पण तिने उबदार बैठकीभर नजर फिरवली.

"डॅड, अठरा वर्षं दर ऑक्टोबरला मी या घरात खोकलेय. मला स्वेटर मिळायचा."

क्लिफने यावर नीट विचार केला. "अगं, पण ते मुकं जनावर. त्याला थंडी वाजते हे सांगता येत नाही. तुला तर बोलता येत होतं."

"बोलतच होते की," जॅनिस म्हणाली. "अठरा वर्षं."